माशी, घोडा, दमदमा: नेमबाजांच्या बोलीची मुळं

नेमबाजांच्या बोलीतल्या शब्दांबद्दल व्हॉट्सअॅपवर जे फिरतं, त्यातलं बरंचसं एका साध्या चाळणीत गळून पडतं. शब्दाचं मूळ म्हणून इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी सांगितली असेल आणि शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा असेल, तर तो किस्सा बाजूला ठेवायचा. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची खोड विसाव्या शतकातल्या सैन्यांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी लावली. त्याआधी ती विरळाच होती.

'डोप' घ्या. लांब पल्ल्याचा नेमबाज आपल्या रायफलीची वही ठेवतो, तिला डोप बुक म्हणतात. कोणत्या अंतराला साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, किती क्लिक, म्हणजे स्क्रूचे किती टप्पे, वर घेतली, वारा कुठून आणि किती होता, तापमान काय, काडतुसांचा लॉट कोणता, थंड नळीतली पहिली गोळी कुठे बसली, हे सगळं तिच्यात. 'डेटा ऑन प्रीव्हियस एंगेजमेंट' ही फोड इतकी चपखल बसते की कुणाला शंकाच येत नाही. पण अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणारे लोक आतल्या खबरीला विसावं शतक उजाडतानाच 'डोप' म्हणत होते. त्याच्या मागे आहे डच 'डूप', म्हणजे बुडवून खायचा रस्सा. दाट रसासारखा पदार्थ, मग अफू, मग घोड्याला चोरून दिलेलं औषध, मग कोणत्या घोड्याला काय दिलंय याची बातमी, असा शब्द सरकत आला. आद्याक्षरं नंतर कुणीतरी चिकटवली.

'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे अगदी सगळंच्या सगळं, याचंही तेच. लढाऊ विमानातला काडतुसांचा पट्टा २७ फूट, म्हणजे नऊ यार्ड लांब होता आणि तो अख्खा रिकामा केला की 'नऊच्या नऊ यार्ड' दिले, असं सांगतात. गंमत अशी की १९०७ ते १९१२ या काळातल्या अमेरिकी गावठी वर्तमानपत्रांत हा वाक्प्रचार सापडतो, तोही कधी नऊ यार्ड तर कधी सहा यार्ड. लढाऊ विमानांचा तेव्हा पत्ता नव्हता. नऊ वारांवर हक्क सांगायचाच, तर आपल्या नऊवारीने सांगावा.

खरी मुळं बहुतेकदा हाताला लागणाऱ्या वस्तूत सापडतात. पत्रा, चुना, झेंडा, दोरी, पक्षी.

ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली मोठी स्पर्धा १८६० साली विम्बल्डनला झाली. स्टँडवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची रेशमी दोरी ओढून राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरचा पहिला शॉट मारला, तो मध्यापासून सव्वा इंचावर लागला. त्या काळची टार्गेटं लोखंडी पत्र्याची असत. शिशाची गोळी पत्र्यावर आपटली की चपटी होते, शिंतोडे उडतात आणि करडा डाग राहतो. आडोशाला बसलेला मार्कर झेंडा दाखवून शॉट कुठे लागला ते कळवायचा आणि ब्रशने त्या डागावर रंग फासायचा, म्हणजे पुढचा डाग ओळखू यावा. डाग पुसला, शॉट 'वॉश आउट' झाला. तिथून लष्करात रद्द झालेला हुकूम वॉशआउट, वाया गेलेला शॉट वॉशआउट आणि पुढे वाया गेलेला माणूसही वॉशआउट. पावसाने धुऊन गेलेल्या क्रिकेटच्या सामन्याला आपण जे वॉशआउट म्हणतो, ते वेगळ्या घरचं.

पत्र्याची अडचण उघड होती. शिशाचे तुकडे मागे-बाजूला उडायचे, आणि दर वेळी रंग लावायला मार्करला बाहेर यायचं तर गोळीबार थांबवायला हवा. म्हणून कॅनव्हास आणि कागद आला आणि टार्गेट वरखाली सरकणाऱ्या चौकटीवर चढलं. आज लांब पल्ल्याच्या रेंजवर हेच चालतं. शॉट झाला की खंदकातला मार्कर चौकट खाली ओढतो, जुन्या भोकातली खूणचकती काढून तिथे कागदाचा ठिगळ डकवतो, नव्या भोकात चकती खोचतो, गुण दाखवणारी खूण लावतो आणि चौकट वर ढकलतो. सराव असेल तर हे काही सेकंदांत उरकतं. घाईत जुनं भोक बुजवायचं राहिलं, तर पुढच्या शॉटला कुठलं भोक खरं यावरून वाद ठरलेला.

झेंड्यांनीही शब्द दिले. ब्रिटिश रेंजवर मधल्या काळ्याला बुल, त्याबाहेर इनर, मग मॅगपाय, मग आउटर. गुण अनुक्रमे ५, ४, ३, २. यातला मॅगपाय, म्हणजे काळापांढरा पक्षी, कुठून आला? तो शॉट दाखवायची खूण काळीपांढरी होती म्हणून. सगळे शॉट बुलमध्ये गेले की त्या गुणसंख्येला 'पॉसिबल' म्हणतात, म्हणजे जेवढे मिळू शकत होते तेवढे मिळाले. अमेरिकी सैन्यात पूर्ण चुकलेल्या शॉटला टार्गेटसमोरून लाल झेंडा हलवत. त्या झेंड्याला नाव पडलं 'मॅगीज ड्रॉवर्स', मॅगीची लाल फ्लॅनेलची चड्डी. पांढऱ्या कागदापुढे लाल कापड फडफडताना सगळ्या रांगेला दिसायचं, त्यामुळे चुकण्यापेक्षा त्या झेंड्याची धास्ती जास्त.

टार्गेटच्या मागचा मातीचा बांध, तो 'बट'. फ्रेंच शब्दातून आलेला. चेष्टेचा 'बट' होणारा माणूस म्हणजे सगळ्यांनी गोळ्या झाडायचा बांधच.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे चांदमारी. देशभर छावण्यांच्या आसपास चांदमारी नावाच्या जागा आहेत. हा चांद म्हणजे टार्गेटवरचा गोल. त्याला मारायचं ती चांदमारी. देवळाली कॅम्प आणि त्र्यंबक रस्त्यावरची पोलीस अकादमी असलेल्या नाशिकला हा शब्द परका नाही, तरी आता पोरं 'रेंज'च म्हणतात.

त्याहून मोठा ऐवज 'शिस्त' या शब्दात आहे. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, गळ, आणि तिरंदाज अंगठ्यात घालतो ती कडी. मध्य आशियातले आणि मोगल तिरंदाज दोरी बोटांनी नव्हे, अंगठ्याने ओढत, आणि अंगठ्याची कातडी सोलू नये म्हणून शिंगाची किंवा जेड दगडाची कडी घालत. कडीवरून बाणाचा नेम, नेमावरून बंदुकीचा नेम. शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं. तिथून सरळ ओळ, ओळीवरून व्यवस्था, आणि शेवटी शाळेतल्या फळ्यावरची शिस्त. एनसीसीच्या हिंदी धड्यात आजही नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. मराठी पोरांना वाटतं, उस्ताद सरळ उभं राहायला सांगतायत.

नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटला जुन्या मराठीत माशी म्हणतात, हिंदीत मक्खी. लांब नळीच्या शेवटी बसलेला बारीक काळा दाणा, दुसरं काय म्हणणार? फ्रेंचांची माशी मात्र बंदुकीवर न बसता समोरच्या कागदावर बसली. त्यांच्याकडे मध्यबिंदू म्हणजे 'मूश', म्हणजेच माशी, आणि अचूक शॉट मारणं म्हणजे 'फेर मूश'. जर्मनांचा शब्द आणखी पुढे गेला. त्यांच्या टार्गेटच्या मध्यावर एक खिळा असे, त्याचं नाव 'त्स्वेक'. आज जर्मन भाषेत त्स्वेक म्हणजे हेतू, उद्देश.

माशीचं सध्याचं रूप दहा मीटर एअर रायफलीवर पाहावं. पुढे बोगद्यात बसवलेली रिंग, मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट. छिद्रात बोगदा, बोगद्यात रिंग, रिंगमध्ये टार्गेटचं काळं, अशी वर्तुळात वर्तुळं. काळ्याचा व्यास ३०.५ मिलिमीटर, त्याच्या पोटात दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, जो नेमबाजाला दिसतही नाही. नवखे हमखास चूक करतात ती रिंग फार लहान लावण्याची. काळं रिंगला खेटलं की नेम अचूक झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पांढरी कड इतकी बारीक होते की बंदूक जराशी हलली तरी ती एका बाजूने नाहीशी होते, डोळा बिचकतो, आणि ट्रिगर दाबायचा सोडून माणूस नेम पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसतो. पांढरी कड चारी बाजूंनी सलग आणि स्पष्ट दिसेल एवढी रिंग मोठी हवी.

आता घोडा. मराठीत बोटाने ओढतो तो चाप, आणि आपटतो तो घोडा. इंग्रजांनी त्यालाच कोंबडा म्हटलं, डच आणि जर्मन भाषांतही कोंबडाच. कारण चकमकीच्या बंदुकीत हा भाग जबड्यात गारगोटी धरून पुढे मान टाकतो, तो दाणा टिपणाऱ्या कोंबड्यासारखा दिसतो. तोड्याच्या बंदुकीत त्या जागी पेटता दोर, म्हणजे तोडा, धरलेला असायचा.

चकमकीच्या बंदुकीची रीत माहीत असली की इंग्रजीतले तीनचार वाक्प्रचार एकदम उलगडतात. नळीत दारू आणि गोळी गजाने ठासायची. नळीच्या बुडाशी बाजूला बारीक छिद्र, त्याच्या बाहेर छोटी वाटी. वाटीत बारीक दळलेली दारू घालायची, तिला रंजक म्हणत. छिद्राच्या जागेला आपल्याकडे कान. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर 'तोफांच्या कानात खिळे ठोकले' असं बखरीच्या भाषेत येतं, ते हेच. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकात पडते, रंजक भडकते आणि ज्वाळा कानातून आतल्या दारूपर्यंत जाते.

रंजक भडकली आणि आत काही पोचलंच नाही, तर वाटीत नुसता भपका. तो 'फ्लॅश इन द पॅन'. हिंदीत यालाच 'रंजक चाट जाना' म्हणतात. कारणं तीनच. कान काजळीने बुजलेला असतो, त्यासाठी सुई बाळगायची आणि काही बारांनंतर कान कोरायचा. आतली दारू सर्दावलेली असते. किंवा माणूस दारू घालायलाच विसरून नुसती गोळी ठासतो, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं. चौथा प्रकार जरा वेगळा आहे. रंजक जास्त भरली आणि तिने कान झाकला, तर ज्वाळा उडी मारत नाही, वातीसारखी जळत आत जाते. मग 'फट्' आणि 'धडाम' यांच्यामध्ये कळण्याइतकं अंतर पडतं आणि तेवढ्यात नेम हलतो. म्हणून रंजक कानाच्या खालीच ठेवायची. उशिरा उडणाऱ्या बाराला 'हँगफायर' म्हणतात, आणि हा शब्द आजच्या काडतुसांनाही लागू आहे. घोडा पडला, आवाज नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं आणि मगच बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं दार, उघडायचा. 'काय झालं बघू' म्हणून लगेच बोल्ट मागे घेतला आणि काडतूस तेव्हा फुटलं, तर पितळेचे तुकडे तोंडावर येतात. मराठीतला 'फुसका बार' याच कुळातला.

घोडा पूर्ण न चढवता अर्ध्यावर अडकवला की तो एका खोल खाचेत बसतो आणि चाप ओढूनही पडत नाही. रंजक भरताना हीच सुरक्षित अवस्था. खाच झिजली किंवा तिच्यात बसणारं टोक तुटलं, की घोडा अर्ध्यावरूनच सुटतो. 'गोइंग ऑफ हाफ कॉक' तिथून आलं. आज त्याचा अर्थ तयारीशिवाय घाई करणं असा घेतात. मूळ दोष माणसाचा नव्हता, खाचेचा होता.

'पॉइंट ब्लँक'ची कथा तोफखान्याकडे जाते. एक मत असं की ब्लँक म्हणजे टार्गेटवरचा पांढरा ठिपका. दुसरं मत गोलंदाजांचं, म्हणजे तोफवाल्यांचं. तोफेचा कोन मोजायच्या उपकरणावर शून्याची खूण म्हणजे ब्लँक, तोफ आडवी धरून जेवढं जाईल तेवढं अंतर पॉइंट ब्लँक. दुसरं मत मला जास्त पटतं, कारण तोफखान्याच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत शब्द याच अर्थाने वावरतो. वर्तमानपत्रातलं 'पॉइंट ब्लँक रेंजमधून गोळ्या झाडल्या' म्हणजे नळी अंगाला टेकवून, हा अर्थ फार उशिराचा. गोळी नळीबाहेर पडल्या क्षणापासून खाली येऊ लागते, अंतर कितीही कमी असो. एअर रायफलीचा पेलेट, म्हणजे तिची छोटी गोळी, सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगाने निघतो, दहा मीटरला त्याला सेकंदाचे साधारण सहा शतांश लागतात, आणि तेवढ्यात तो दीड सेंटिमीटरहून थोडा जास्त खाली येतो. म्हणजे काळ्याच्या निम्म्या व्यासाएवढा. साइट हा फरक आधीच भरून काढते म्हणून जाणवत नाही.

गोलंदाज म्हटलं की देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी आलंच. क्रिकेटच्या समालोचनाने तो शब्द चेंडूवाल्यांना देऊन टाकला असला, तरी मूळ मालक तोफवालेच. देवळालीने इंग्रजीला स्वतःचाही एक शब्द दिलाय, 'डूलॅली'. मुदत संपलेले गोरे शिपाई बोटीची वाट पाहत इथल्या छावणीत थांबत. सैन्याच्या बोटी थंडीच्या मोसमातच सुटायच्या, त्यामुळे हंगाम चुकला की पुढचे कित्येक महिने काम ना धाम. कंटाळून डोकं फिरलं की 'डूलॅली टॅप'. हा टॅप म्हणजे आपला ताप. नेमबाजीचा हा शब्द नव्हे, पण नाशिकमध्ये बसून शिपायांच्या बोलीवर लिहायचं आणि तो वगळायचा, हे बरं दिसत नाही.

दुसरी छावणी कलकत्त्याजवळची डमडम. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने १८९६ च्या सुमारास .३०३ रायफलीची अशी गोळी काढली, जिच्या टोकावर धातूचं कवच नव्हतं, मऊ शिसं उघडं होतं. लागली की ती फुलायची आणि जखम मोठी व्हायची. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली, नाव मात्र राहिलं. त्या गावाचं नाव आलं दमदम्यावरून. दमदमा म्हणजे तोफा चढवायला उभारलेला उंचवटा. नाशिककरांना हा शब्द रामसेजमुळे ठाऊक असायला हवा. १६८२ साली मोगलांनी दिंडोरी रस्त्यावरच्या या छोट्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ल्यात माऱ्याला लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या पोकळ तोफा करून त्या चामड्याने मढवल्या, आणि शहाबुद्दीन खानाने तटाच्या वरून मारा करता यावा म्हणून मोठा लाकडी दमदमा उभारला, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. त्याच्या हाती किल्ला काही पडला नाही. दमदम्याचं नाव इतकं फिरून गोळीवर येऊन बसेल, हे त्या खानाच्या स्वप्नातही नसणार.

पक्ष्यांकडे वळू. 'स्नायपर' हा शब्द हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी घडवला, असं सहसा सांगतात. स्नाइप म्हणजे पाणलावा. शंभर ग्रॅमच्या आसपास वजन, लांब चोच, चिखल-गवताच्या रंगात मिसळून जाणारी पिसं. गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूरमध्यमेश्वरला थंडीत तो येतो. रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं पाणथळ. पाणलावा अगदी पायापाशी येईपर्यंत दबून बसतो, मग खरखरीत ओरडत उडतो आणि सुरुवातीला डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेतो. नेम धरेपर्यंत त्याने दिशा बदललेली असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पत्रांत साहेब लोक 'स्नायपिंग'ला गेल्याचे उल्लेख येतात, आणि १८२० च्या दशकात आडोशाने एकेक माणूस टिपणाऱ्याला स्नायपर म्हटलेलं सापडतं.

इथे एक गैरसमज दूर करावा. पाणलाव्याची शिकार लांबून, पडून, दुर्बिणीने होत नसे. गुळगुळीत नळीची बंदूक, बारीक छर्रा, वीस-तीस पावलांचं अंतर आणि पापणी लवायच्या आत मारलेला बार. आजच्या स्नायपरच्या थंड, संथ कामाच्या नेमकं उलट. शब्दाबरोबर आली ती टिपायची अवघड जागा आणि लपून राहणं, तंत्र नाही. आणि आता नांदूरमध्यमेश्वरला जायचं ते दुर्बीण घेऊनच. अभयारण्य आहे.

उडत्या चकत्या टिपायच्या ट्रॅप शूटिंगमधली सगळी बोली खऱ्या कबुतरांच्या काळातली आहे. कबूतर खोक्यात ठेवायचं, तो ट्रॅप. झाकणाला दोरी बांधलेली. नेमबाज ओरडायचा 'पुल', माणूस दोरी ओढायचा, कबूतर उडायचं. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली. त्याआधीच काचेचे गोळे येऊन गेले होते, आणि १८८० साली अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीची चकती काढली. ती इतकी टणक भाजली जायची की छर्रा लागून नुसती टणत्कार करायची, फुटायची नाही. आजची चकती चुनखडी आणि डांबराची, व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. दोरी गेली, माइकने आवाज ओळखून यंत्र चकती सोडतं, तरी तिचं नाव बर्डच, आणि तुटकी चकती बाहेर आली तर पंच 'नो बर्ड' म्हणतो.

चकत्यांचाच दुसरा खेळ 'स्कीट', हे मात्र बक्षीस लावून शोधलेलं नाव आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्स डेव्हिसने घड्याळाच्या आकड्यांसारख्या जागा आखून गोलाकार सराव सुरू केला. शेजारी कोंबड्यांचा फार्म आला आणि छर्रे तिकडे जाऊ लागले, म्हणून वर्तुळ अर्धं केलं. नावासाठी १०० डॉलरचं बक्षीस होतं. ते १९२६ साली गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी जिंकलं, 'शूट'च्या जुन्या स्कँडिनेव्हियन रूपावरून.

'केंटकी विंडेज' म्हणजे साइट न हलवता वाऱ्याच्या अंदाजाने नेमच बाजूला धरणं. त्या प्रसिद्ध लांब रायफली बऱ्याचशा पेनसिल्व्हेनियात बनायच्या, नाव केंटकीच्या शिकाऱ्यांमुळे पडलं. साइट नळीवर खाचेत ठोकलेली असायची, हलवायची तर हातोडी घ्या. मग बाजूला नेम धरण्यावाचून पर्याय काय? आज .२२ ची गोळी ५० मीटरवर सेकंदाला एक मीटरच्या आडव्या वाऱ्याने पाऊण सेंटिमीटरच्या आसपास सरकते. त्या टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटरची, म्हणजे झुळकीने जवळजवळ एक गुण गेला. रिंग साइट असेल तर बाजूला नेम धरू नये. काळं रिंगच्या मध्यातून सरकवलं की किती सरकवलं हे डोळ्याला मोजता येत नाही. मध्य सांभाळून क्लिक द्यावेत, किंवा वारा पहिल्यासारखा होईपर्यंत थांबावं. कोनाच्या पाव मिनिटाचा एक क्लिक १०० मीटरला सुमारे ७ मिलिमीटर, ५० मीटरला साडेतीन. आणि हो, दुर्बिणीतला 'मिल' हा मिलिटरीचा नव्हे. तो मिलिरेडियन, १०० मीटरला १० सेंटिमीटर.

दहा मीटरच्या हॉलमधली बोली अजून कोवळी आहे. साइटर म्हणजे मॅचआधीचे जमवाजमवीचे शॉट. त्यांच्या कागदी टार्गेटवर उजव्या वरच्या कोपऱ्यात काळा तिरपा पट्टा असतो, तो असला की शॉट मोजत नाहीत. शेजाऱ्याच्या टार्गेटवर मारला तो क्रॉसफायर, मॅचमध्ये त्याचे गुण शून्य. 'जर्क', म्हणजे चाप झटक्याने ओढणं, सगळ्यांना माहीत.

सर्वांत जास्त गैरवापर होतो तो 'फ्लायर'चा. ग्रुप, म्हणजे एका जागी जमलेली भोकं, सोडून उडून गेलेला शॉट, एवढंच मूळ. पण हल्ली सात लागला की फ्लायर, आठ लागला की फ्लायर. नियम असा: शॉट सुटताक्षणी, स्क्रीनकडे बघायच्या आधी, तो कुठे गेला ते सांगायचं. याला कॉल म्हणतात. 'खाली उजवीकडे' म्हणालात आणि तिथेच लागला, तर तो फ्लायर नाही, तुमचाच शॉट आहे. कॉल मध्यावर आणि भोक आठमध्ये, तेव्हाच यंत्राकडे संशयाने बघायचं. आधी डब्यातले पेलेट पाहावेत, कडा चेपलेला पेलेट बाजूला काढावा. मग साइटचे आणि दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का, मग सिलिंडरमधली हवा कमी झालीय का. एवढं करूनही शॉट भटकत असेल, तर रायफल पक्की बांधून त्याच डब्यातले दहा पेलेट मारून ग्रुप मोजावा, आणि मग डबा बदलून पुन्हा दहा.